थरारपटाच्या ट्रेलरची शॉट-आखणी : कॅमेऱ्याला किती ठाऊक असावे?

नव्वद सेकंदांच्या थरारपटाच्या ट्रेलरला साधारण चाळीस ते पंचेचाळीस शॉट लागतात. पहिली तीस सेकंदे संथ असतात. तिथे तीन-चार सेकंदांचे आठेक शॉट पुरतात. पुढच्या पस्तीस सेकंदांत शॉटची लांबी दोन सेकंदांवर येते आणि संख्या सतरा-अठरावर जाते. त्यानंतरची पंधरा सेकंदे पाऊण-एक सेकंदाच्या तुकड्यांची, म्हणजे आणखी पंधरा ते वीस शॉट. उरलेली दहा सेकंदे चित्रपटाच्या नावासाठी आणि नावानंतरच्या एका शेवटच्या दचक्यासाठी राखून ठेवायची. हा हिशेब न मांडता कॅमेरा घेऊन निघालेल्या विद्यार्थी गटाचे काय होते ते ठरलेले आहे. संकलनाला बसल्यावर नायिकेच्या चालण्याचे नऊ शॉट हाती असतात, पण तिने मागे वळून पाहिले तेव्हा तिला काय दिसले, याचा एकही नसतो.

आखणीची सुरुवात सहसा "लो अँगल कुठे घ्यायचा, टॉप अँगल कुठे" अशा चर्चेने होते. ती चुकीच्या टोकाकडून झालेली सुरुवात आहे. थरारपटात कॅमेऱ्याची जागा ठरते ती कोणाला किती माहीत आहे, यावरून. आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 साली फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ संवादात टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले होते. दोन माणसे गप्पा मारत बसली आहेत आणि एकाएकी स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद हबकतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, एक वाजता तो फुटणार आहे हे सांगितले आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलेला दाखवला, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. दोन्ही प्रसंगांत टेबल तेच, माणसे तीच आणि बोलणेही तेच. फरक फक्त एका शॉटचा आहे, टेबलाखाली गेलेल्या कॅमेऱ्याचा.

म्हणून शॉटची यादी करण्याआधी वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : पात्राला काय माहीत आहे, प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि धोका ज्याच्याकडून आहे त्याला काय माहीत आहे. प्रत्येक प्रसंगापुढे हे तीन रकाने भरले की कॅमेरा कुठे ठेवायचा याचे निम्मे उत्तर आपोआप मिळते. श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन' (2018) या पुण्यात घडणाऱ्या चित्रपटातील पियानोचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहण्याजोगा आहे. पियानोवादक आंधळा नाही हे प्रेक्षकाला तोवर कळलेले असते; घरातील बाईला ते कळलेले नसते; आणि पियानोवादकाला जमिनीवरचे प्रेत दिसत असूनही न दिसल्यासारखे वाजवत राहणे भाग असते. तीन रकान्यांत तीन वेगळी उत्तरे आहेत, आणि कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो तेव्हा प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो. त्या प्रसंगात कुठेही तिरपातारपा कोन घेण्याची गरज पडलेली नाही.

एक कथाबीज, एक जागा

पुढील विवेचनासाठी विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले एक कथाबीज घेता येईल. परीक्षेच्या दिवसांत कॉलेजची अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी असते. एक विद्यार्थिनी ग्रंथालयातील जुने पुस्तक उघडते. आत चिकटवलेल्या देवघेवीच्या चिठ्ठीवर शेवटची नोंद तिच्याच नावाची आहे आणि शिक्का उद्याच्या तारखेचा. तिच्या वरच्या नोंदीतील मुलगी गेल्या वर्षी वसतिगृहातून नाहीशी झालेली. पात्रे तीन : विद्यार्थिनी, ग्रंथपाल आणि कपाटांच्या पलीकडे असलेले कोणीतरी.

यातील कळीचा क्षण चिठ्ठीचा. तो तीन तऱ्हांनी घेता येतो. पहिल्या तऱ्हेत कॅमेरा तिच्या खांद्यावरून पाहतो. चिठ्ठी तिला आणि प्रेक्षकाला एकाच वेळी दिसते. दुसऱ्या तऱ्हेत आधी तिचा चेहरा दिसतो, चेहऱ्यावरचा रंग उडतो, आणि चिठ्ठी नंतर येते. म्हणजे तीन सेकंदांपुरते तिला प्रेक्षकापेक्षा जास्त माहीत असते. तिसऱ्या तऱ्हेत ती अभ्यासिकेत येण्यापूर्वीच एक हात चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारताना दिसतो आणि मग ती हसत, मैत्रिणीशी बोलत आत येते. इथे प्रेक्षक तिच्या पुढे आहे. चित्रपटात तिसरी तऱ्हा सर्वांत टिकाऊ ठरेल. ट्रेलरमध्ये मात्र दुसरी उजवी, कारण ट्रेलरचे काम प्रश्न विचारण्याचे आहे, आणि चेहरा हा प्रश्न असतो तर चिठ्ठी हे उत्तर. त्यातही चिठ्ठीचा शॉट पूर्ण नाव वाचून होण्याआधी कापावा. आडनाव आणि तारीख एवढेच नजरेला पडले तरी पुरे.

चिठ्ठीच्या या एका जवळच्या शॉटसाठी वेळ काढावा लागतो. दोन सेकंदांत वाचता येईल असे अक्षर मुद्दाम मोठे काढावे लागते. खऱ्या चिठ्ठीवरचे बारीक अक्षर पडद्यावर मुंग्यांच्या रांगेसारखे दिसते. प्रकाश समोरून टाकला तर कागद सपाट आणि पांढराफटक दिसतो. टेबललॅम्प एका बाजूला, कागदाच्या पातळीपाशी ठेवला की शिक्क्याची शाई, घडीची रेघ, कोपऱ्यातला वाळलेला डिंक असे सारे उठून येते. जुन्या नोंदी वेगवेगळ्या पेनांनी आणि वेगवेगळ्या हातांनी लिहून घ्याव्यात. चिठ्ठीवरच्या बारा नोंदी एकाच मुलाने एकाच निळ्या पेनाने लिहिल्या असतील, तर ते प्रेक्षकाच्या लगेच लक्षात येते, आणि रहस्य तिथेच संपते.

ट्रेलरसाठी स्वतंत्र शॉट घेऊ नयेत असा काही नियम नाही. 'सायको' (1960) या चित्रपटाच्या सहा मिनिटांहून मोठ्या ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतः मोटेल आणि मागचे घर फिरून दाखवतात, आणि शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकतो तेव्हा किंचाळणारी स्त्री चित्रपटातील जॅनेट ली नसून व्हेरा माइल्स असते. विद्यार्थी तर बहुधा नसलेल्याच चित्रपटाचा ट्रेलर करत असतात. त्यांना कथेच्या साखळीशी बांधील राहण्याचे कारण नाही. दोन शॉटमधला दुवा सांगितला नाही, तर प्रेक्षक तो स्वतः जुळवतो आणि बहुधा दिग्दर्शकापेक्षा भयंकर जुळवतो.

शॉटचे आकार

जागेची ओळख करून देणारा लाँग शॉट ट्रेलरमध्ये एकच असावा. ग्रंथालयाची इमारत, एक खिडकी उजळलेली, बाकी अंधार, एवढ्यात जागा आणि वेळ दोन्ही सांगून होतात. त्याच इमारतीचे तीन बाजूंनी तीन शॉट घेण्याचा मोह होतो, विशेषतः गटात कोणाकडे ड्रोन असेल तर. तो टाळावा.

लाँग शॉटचा थरारपटातील खरा उपयोग मात्र ओळखीपलीकडचा आहे. माणूस चौकटीच्या एका कडेला, लहानसा; उरलेली दोन तृतीयांश चौकट रिकामी. प्रेक्षकाची नजर त्या रिकाम्या जागेत कोणाला तरी शोधू लागते. कपाटांच्या दोन रांगांमधला बोळ, त्याच्या टोकाला पाठमोरी बसलेली मुलगी आणि अलीकडे काळोखाचा पट्टा. हा शॉट चार सेकंद हलू न देता ठेवला की त्यात काहीही न घडता भीती तयार होते. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' या मराठी भयपटात उसाच्या फडाने हेच काम केले आहे. डोक्यापेक्षा उंच ऊस उभा असला की कॅमेरा कुठेही ठेवा, चौकटीचा मोठा भाग न दिसणाराच राहतो. जागा निवडताना ती किती सुंदर दिसते यापेक्षा ती किती लपवते हे पाहावे.

मिड शॉट संवादासाठी. ट्रेलरमध्ये संवाद तीन-चार वाक्यांपलीकडे नसल्याने मिड शॉटही मोजकेच लागतात, आणि ग्रंथपालाचे "बाळ, हे पुस्तक तर कपाटात असायलाच नको होतं" यासारखे एखादे वाक्य त्यात बसते.

क्लोज-अप हा ट्रेलरचा कणा. लेव्ह कुलेशोव्ह यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत दाखवून दिले की नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपाच्या वाडग्याशेजारी जोडला की भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी जोडला की दुःखी. नवख्या नटांबरोबर काम करणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. कॉलेजमधल्या मैत्रिणीला "घाबर" म्हटले की ती डोळे विस्फारते आणि तोंडावर हात नेते. त्याऐवजी तिला कपाटाच्या तिसऱ्या फळीवरची पुस्तके मोजायला सांगावे, मध्येच मोजणे थांबवायला सांगावे आणि तो चेहरा टिपावा. भीती पुढच्या शॉटमधून येते.

इन्सर्ट, म्हणजे वस्तूंचे जवळून घेतलेले शॉट, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. दाराची कडी, थांबलेला पंखा, उलटा ठेवलेला चष्मा, हजेरीच्या वहीत खोडलेले एक नाव. शेवटच्या पंधरा सेकंदांतले निम्मे तुकडे इन्सर्टचे निघतात. ते नंतर घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावरही घेता येतात. फक्त बाहीचा रंग, नखे, घड्याळ कोणत्या हातात होते याचे फोटो आधी काढून ठेवलेले हवेत.

पात्राच्या नजरेतून घेतलेला शॉट सरळ असतो : ती पाहते, मग ती जे पाहते ते दिसते. थरारपटाला त्याहून उपयोगी पडतो तो बिनमालकाचा दृष्टिकोन. पुस्तकांच्या रांगेतील फटीतून कॅमेरा तिच्याकडे पाहतो आहे, कडा धूसर आहेत, चौकट किंचित हलते आहे. पाहणारा कोण हे सांगितलेले नाही. 'जॉज' (1975) मध्ये पाण्याखालून पोहणाऱ्यांकडे सरकणारा कॅमेरा हेच करतो. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सतत बिघडत असल्याने दिग्दर्शक स्पिलबर्ग यांना तो फारसा दाखवता आला नाही, आणि न दाखवल्यामुळेच तो प्रेक्षकांच्या मनात मोठा झाला. ज्या गटाकडे मेकअपला पैसे नाहीत आणि खलनायकाला वेळ नाही, त्या गटाने खलनायकाचा चेहरा लिहूच नये. एक खांदा, एक बाही, फरशीवर वाढत जाणारी सावली पुरेशी असते. कॅमेऱ्यासमोर कोणाचा तरी खांदा धूसर ठेवून पलीकडे मुलगी दाखवली, की अनोळखी खांद्याचा शॉट तयार होतो. त्यासाठी गटातला उंच मुलगा आणि काळा स्वेटर एवढेच लागते. बिनमालकाचा दृष्टिकोन ट्रेलरमध्ये दोनदा, फार तर तीनदा वापरावा. चौथ्या वेळी प्रेक्षक ओळखतो की पलीकडे फक्त छायालेखक आहे.

कोन

डोळ्यांच्या पातळीवरचा कोन हा मूळ स्वर. सुरुवातीची वीस-पंचवीस सेकंदे तिथेच राहावे. खुर्चीत बसलेल्या व्यक्तीसाठी ही उंची जमिनीपासून सुमारे चार फूट असते. तिपाई उभ्या माणसाच्या उंचीवर ठेवून बसलेल्या मुलीचे चित्रण केले, तर नकळत सगळाच ट्रेलर वरून पाहिल्यासारखा होतो आणि पुढे खरोखर वरून पाहायची वेळ येते तेव्हा त्या कोनात काही दम उरलेला नसतो.

खालून वर पाहणारा लो अँगल माणसाला मोठे करतो, हे सगळ्यांना पाठ असते. ग्रंथालयात तो माणसापेक्षा कपाटांवर वापरून पाहावा. कॅमेरा फरशीवर ठेवला की पुस्तकांच्या रांगा दोन्ही बाजूंनी अंगावर येतात आणि छत दिसते. छत दिसले की खोली कोंदट वाटते. ग्रंथपालाला पहिल्यांदा डोळ्यांच्या पातळीवर आणि दुसऱ्यांदा जरासे खालून दाखवले, तर एकही वाक्य न बोलता तो संशयित ठरतो. फरक दीड-दोन फुटांचा पुरतो. कॅमेरा नाकपुड्या दिसेपर्यंत खाली नेला की विनोद होतो.

वरून खाली पाहणारा हाय अँगल पात्राला असहाय करतो. टॉप अँगल, म्हणजे थेट डोक्यावरचा, त्याहून वेगळा. त्यात भावना कमी आणि नकाशा जास्त असतो. कपाटांच्या रांगांमधून चालणारी मुलगी आणि तिच्या शेजारच्याच रांगेत उभे असलेले कोणीतरी वरून एकाच चौकटीत दिसले, तर प्रेक्षकाला तिच्यापेक्षा जास्त कळते. टेबलाखालच्या बॉम्बचीच ही दुसरी तऱ्हा. जुन्या ग्रंथालयांना बहुधा माळा किंवा गॅलरी असते. तिथून हा शॉट फुकट मिळतो. शिडीवर उभे राहून हात लांब करून तो घेऊ नये.

डच अँगल, म्हणजे क्षितिजरेषा तिरकी केलेली चौकट, विद्यार्थ्यांचा फार आवडता. कॅरॉल रीड यांच्या 'द थर्ड मॅन' (1949) या युद्धोत्तर व्हिएन्नात घडणाऱ्या चित्रपटात तो सढळ वापरला आहे आणि त्याचे छायालेखक रॉबर्ट क्रास्कर यांना ऑस्करही मिळाले. तरीही दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी तो पाहून रीड यांना स्पिरिट लेव्हल भेट दिल्याचा किस्सा सांगितला जातो. तिथे मोडलेले शहर आणि कोणावरही विश्वास न ठेवता येण्याजोगे वातावरण त्या तिरकेपणाला आधार देत होते. ग्रंथालयाच्या ट्रेलरमध्ये तो एकदाच यावा, चिठ्ठी वाचून झाल्यानंतर लगेच, आणि दहा-पंधरा अंशांहून जास्त नसावा. त्यानंतर चौकट पुन्हा सरळ झाली नाही तरी चालेल, पण त्याआधी एकही शॉट चुकूनसुद्धा तिरका नको. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिड आणि लेव्हल सुरू ठेवण्याची सोय त्यासाठीच असते.

कॅमेऱ्याची हालचाल आणि दिशा

सुरुवातीच्या भागात कॅमेरा स्थिर असावा, किंवा हलला तर इतका सावकाश की प्रेक्षकाला ते उशिरा कळावे. चेहऱ्याकडे हळूहळू सरकणारा कॅमेरा हा थरारपटाचा जुना, भरवशाचा शॉट. त्यासाठी डॉली भाड्याने आणण्याची गरज नाही. ग्रंथालयात पुस्तके वाहून नेण्याची ट्रॉली असतेच. तिची चाके तेल घालून मऊ करून घ्यावीत. ट्रॉली नसेल तर जाड सतरंजीवर तिपाई ठेवून गुळगुळीत फरशीवर सतरंजी ओढावी. ओढणाऱ्याने पायांनी मागे सरकत एका लयीत ओढावी, हातांनी हिसके देऊ नयेत. हातात धरलेला कॅमेरा पाठलागासाठी राखून ठेवावा. पहिल्या सेकंदापासून चौकट थरथरत असेल, तर पळापळ सुरू झाल्यावर वेगळे काही वाटत नाही.

डॉली झूमचाही मोह अनेकांना होतो. 'व्हर्टिगो' (1958) साठी दुसऱ्या युनिटचे छायालेखक इर्मिन रॉबर्ट्स यांनी तो साधला. कॅमेरा मागे जातो आणि त्याच वेळी झूम पुढे येतो, त्यामुळे माणूस तेवढाच राहतो आणि मागची जागा ताणली किंवा आकसली जाते. मोबाइलवर तो वेगळ्या वाटेने जमतो. चित्रण 4के मध्ये करावे आणि अंतिम ट्रेलर 1080 मध्ये. मुलीपासून एक मीटरवर सुरुवात करून ट्रॉली सरळ रेषेत दोन मीटरपर्यंत मागे न्यावी. तिचा आकार निम्मा होतो. संकलनात त्याच प्रमाणात चौकट मोठी करत दुप्पट केली की चेहरा स्थिर राहतो, मागची कपाटे अंगावर येतात आणि चित्राचा दर्जाही टिकतो, कारण 4के ची रुंदी 1080 च्या बरोबर दुप्पट आहे. हा शॉट ट्रेलरमध्ये एकदाच, आणि तोही चिठ्ठीच्या क्षणालाच शोभतो.

पाठलागात 180 अंशांची रेषा सांभाळावी लागते. मुलगी पडद्यावर डावीकडून उजवीकडे पळत असेल, तर मागचा माणूसही डावीकडून उजवीकडेच आला पाहिजे. कॅमेरा बोळाच्या दुसऱ्या बाजूला गेला की ती दोघे एकमेकांवर धावून येत आहेत असे दिसते. कपाटांच्या बोळांत ही चूक हमखास होते, कारण सगळ्या रांगा सारख्याच दिसतात. बोळाच्या नकाशावर कॅमेऱ्याच्या जागा बाणांनी दाखवाव्यात आणि प्रत्येक शॉटपुढे पळण्याची दिशा लिहावी. रेषा जाणूनबुजून एकदा मोडता येते. ती पळत असताना अचानक समोरून, दिशा उलटी, तोच चेहरा. प्रेक्षकाचा तोल जातो, तो कोण कुठे आहे हे विसरतो. नियम सांभाळलेला असेल तरच मोडल्याचा परिणाम होतो.

मोबाइल, लेन्स आणि ट्यूबलाइट

मोबाइलची मुख्य लेन्स रुंद असते. तिच्याने चेहऱ्याच्या फुटभर जवळ जाऊन क्लोज-अप घेतला की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. तीन-चार फूट मागे सरून दुप्पट झूमची लेन्स असेल तर ती वापरावी. रुंद लेन्सचे ते विद्रूप रूप पाठलागातील एखाद्या तुकड्यासाठी उपयोगी पडते, तेवढ्यापुरतेच. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि प्रकाशमान लॉक करणे हा सवयीचा भाग व्हावा. लॉक नसेल तर मुलगी दिव्यासमोरून गेली की चित्र आपोआप उजळते-काळवंडते आणि रात्रीची सगळी जादू जाते.

भारतात वीज 50 हर्ट्झची असल्याने साध्या ट्यूबलाइटचा आणि बऱ्याच स्वस्त एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण चुकीच्या शटरवर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवले की हा त्रास बहुतेक टळतो. प्रकाश जास्त असेल तर 1/100. त्यासाठी हाताने मापे ठरवू देणारे कॅमेरा ॲप घ्यावे.

अंधार दाखवण्यासाठी सगळे दिवे घालवू नयेत. चित्रात एक उजळ ठिपका असला तरच बाकीचा काळोख काळा दिसतो. नाहीतर सगळीकडे करडा, दाणेदार गाळ पसरतो. टेबललॅम्प, मोबाइलचा टॉर्च, दाराच्या फटीतून येणारी पट्टी यांपैकी एक काहीतरी प्रत्येक रात्रीच्या शॉटमध्ये हवे. इमारतीचा बाहेरचा शॉट मध्यरात्री न घेता सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत घ्यावा. आकाशात निळसर उजेड असतो, खिडकीतला पिवळा दिवा उठून दिसतो, आणि चित्रपटात ती मध्यरात्रच वाटते.

रुंद पडद्याचा भास देण्यासाठी वर-खाली काळ्या पट्ट्या टाकायच्या असतील, तर ते चित्रणाआधी ठरवावे आणि मोबाइलच्या पडद्यावर तेवढ्या जागी कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी. नंतर टाकलेल्या पट्ट्या डोकी उडवतात.

आवाजासाठीही दोन-चार शॉट मनात ठेवावे लागतात. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू' (1937) या चित्रपटात पार्श्वसंगीत नव्हते. नैसर्गिक आवाजांवरच सारी मदार होती. शिक्क्याचा ठप्प, पुस्तक मिटल्याचा आवाज, ट्यूबलाइटची घरघर, पंख्याची किरकिर हे जवळून वेगळे ध्वनिमुद्रित करावे, आणि रिकाम्या ग्रंथालयाची शांतताही अर्धा मिनिट टिपून ठेवावी. शेवटच्या जलद तुकड्यांना ठेका द्यायला शिक्क्याइतका योग्य आवाज दुसरा नाही.

कागदावरचा ट्रेलर आणि चित्रीकरणाचा क्रम

सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'ची चित्रे आधी वहीत काढली होती. 'सायको'च्या न्हाणीघरातील प्रसंगाचे आराखडे सॉल बास यांनी रेखाटले; त्या एका प्रसंगासाठी 78 वेगवेगळ्या मांडण्या लागल्या आणि चित्रीकरण आठवडाभर चालले. विद्यार्थ्यांना चित्रकला येण्याची गरज नाही. प्रत्यक्ष जागेवर रेकीला गेल्यावर मैत्रिणीला खुर्चीत बसवून प्रत्येक शॉटचा मोबाइलवर फोटो काढावा. हे चाळीस-पंचेचाळीस फोटो संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेल्या लांबीने ओळीने लावावेत आणि खाली तात्पुरते संगीत टाकावे. हा स्थिर फोटोंचा ट्रेलर पाहिला की कुठे दोन सारखे कोन शेजारी आले आहेत, कुठे कथा सगळी सांगून टाकली आहे आणि कुठे इन्सर्ट कमी पडतो, हे एका बैठकीत दिसते. हे फुकटचे काम बहुतेक गट टाळतात, आणि पुढे तीच कसर दुसऱ्या दिवसाच्या चित्रीकरणात भरून काढतात.

पंचेचाळीस शॉट म्हणजे पंचेचाळीस मांडण्या नव्हेत. बोळाच्या टोकाच्या एका मांडणीतून चालण्याचा, थांबण्याचा आणि पळण्याचा असे तीन शॉट निघतात. नीट गट पाडले तर बावीस ते पंचवीस मांडण्यांत काम होते. नवख्या गटाला प्रकाश, तालीम आणि तीन-चार टेक धरून एका मांडणीला पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे पाच तासांच्या एका रात्रीत बारा मांडण्या, एकूण दोन रात्री. क्रम कथेचा न ठेवता दिव्यांचा ठेवावा : टेबललॅम्पवरचे सगळे शॉट एकत्र, टॉर्चवरचे सगळे एकत्र. चिठ्ठी वाचतानाचा चेहरा पहिल्या रात्री लवकर घ्यावा, कारण पहाटे तीन वाजता नटाच्या चेहऱ्यावर उरते ती फक्त झोप.

कॉलेजची लेखी परवानगी, पहारेकऱ्याचा फोन नंबर आणि ग्रंथालयातील पुस्तके जागच्या जागी ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरवावे. ट्रेलरमध्ये रेल्वे स्थानक हवे असेल तर रेल्वेची परवानगी लागते. खेळण्यातली पिस्तूल किंवा सुरा घेऊन रस्त्यावर चित्रीकरण करायचे असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कळवावे. गच्चीच्या कठड्यावरचा शॉट लिहूच नये. गच्चीची पायरी खालून घेऊन आकाश मागे ठेवले की तीच उंची जमिनीवर मिळते.

कच्चे संकलन झाल्यावर ते कथा माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना दाखवावे. "आवडला का?" असे न विचारता "आता काय जाणून घ्यावेसे वाटते?" असे विचारावे. "पुस्तकावर तिचे नाव कोणी लिहिले?" असे उत्तर आले, तर ट्रेलर तयार आहे. "तो ग्रंथपालच ना?" असे उत्तर आले, तर ज्या शॉटमुळे ते कळले तो शोधून काढून टाकावा, भले तो सर्वांत देखणा असला तरी.